सर, तुम्ही लिहिलेल्या सात ओळी

सर, परवा कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. वीज गेलेली, पंखे बंद, आणि तरी लोक पावणेदोन तास तुमचं कौतुक करत होते. तुम्ही असतात तर पाचव्या मिनिटाला चप्पल शोधत बाहेर पडला असतात. प्राचार्य ‘ऋषितुल्य’ म्हणाले, रसायनशास्त्राच्या सरांनी तर तुम्हाला दीपस्तंभच करून टाकलं. जन्मात तुमच्या तोंडून ज्यांना एक ‘शाब्बास’ मिळाली नाही, ती माणसं तुम्हाला पोत्याने शाब्बासक्या देत होती. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होते, बोला, बोला, आता थांबवायला येत नाहीत ते.

मलाही बोलायला सांगितलं. ‘सरांची लाडकी विद्यार्थिनी’ अशी माझी ओळखही करून दिली. मी उठले नाही. घसा बसलाय म्हटलं. घसा कसला बसतोय, मिरकरवाडा बंदरावरच्या बाईचा घसा बसत नाही. पण उभी राहिले असते तर तुमच्याशी भांडले असते, आणि गेलेल्या माणसाशी चारचौघांत भांडू नये एवढं कळतं मला. म्हणून इथे कागदावर भांडते. इथे तुम्ही आणि मी दोघंच आहोत, आणि तुम्हाला मध्येच ‘मयेकर, मुद्द्यावर ये’ म्हणता येणार नाही.

मुद्दा हा आहे, सर. पंच्याऐंशी साली माझी शिष्यवृत्ती हुकली. ती का हुकली, ते मला आता कळलंय.

पण सुरुवात तुमच्या बाजूने करते, नाहीतर कृतघ्न ठरेन. मी एफ.वाय.ला होते आणि सकाळी जेटीवर आईच्या पाटीशी बसून मासे निवडत होते. तुम्ही सायकलवरून आलात. हातात बरणी. बंदरावर तुम्हाला सगळे ‘बाटलीवाले मास्तर’ म्हणायचे, ते तुम्हाला माहीत होतं की नाही कोण जाणे. तुम्ही आईच्या पाटीतून मी बाजूला काढलेला एक बांगडा उचललात आणि विचारलंत, ‘हा गाबोळीचा आहे हे कशावरून ओळखलंस?’ मी म्हटलं, पोटाला बोट लावलं की अंडी कळतात. तुम्ही म्हणालात, ‘बोट सगळ्यांनाच असतं. कोणत्या आठवड्यात किती बांगड्यांत गाबोळी असते, ते लिहून ठेवलंयस का?’ कोण लिहून ठेवतंय! दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दोनशे पानी वही आणून दिलीत.

दोन वर्षं लिहिलं मी. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात तेवढे दिवस सोडले तर रोज. लिलाव सुरू व्हायच्या आधी आई मासे फाडून दाखवायची आणि मी लिहायचे. बांगडा, पेडवा, सौंदाळे, म्हाकूल. कोण आलं, किती आलं, कितींच्या पोटात अंडी. लोक हसायचे, ‘मयेकरांची पोर माशांची जनगणना करते.’ तुम्ही दर शनिवारी वही तपासायचात. चूक असेल तर लाल रेघ. चूक नसेल तर काहीच नाही. तुमचं ‘काहीच नाही’ म्हणजे पसंती, हे कळायला मला एक वर्ष लागलं. एकदा लाल रेघ न येता सलग सहा शनिवार गेले तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं, सर खूश आहेत. आई म्हणाली, ‘खूश हायत तर बोलत कशाला नायत? दात दुखतात काय?’

त्या वहीने मला माणूस केलं. हे मी नाकारणार नाही, कितीही राग आला तरी.

मग थर्ड इयरला तुम्ही वर्तमानपत्रातलं ते कात्रण घेऊन आलात. मुंबईच्या एका ट्रस्टची शिष्यवृत्ती, पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी. तिघांना परदेशी पाठवणार, समुद्राचं शास्त्र शिकायला. शेवटच्या वर्षातच अर्ज करता येतो, पुन्हा नाही. तुम्ही कात्रण टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, ‘अर्ज करून बघायला हरकत नाही.’ मला रात्रभर झोप आली नाही. रत्नागिरीच्या पुढे मी अलोऱ्याच्या मावशीकडे तेवढी गेलेले.

फॉर्म आला. तीन प्रती, टाइप केलेल्या. गुणपत्रिकांच्या ट्रू कॉप्या, सहीशिक्क्यांसकट. आणि पाचव्या पानावर तो प्रश्न: आपली निवड का व्हावी असे आपणास वाटते? तीनशे शब्दांत लिहा.

मी लिहिलं. साडेतीनशे झाले, छाटून तीनशे केले. लिहिलं की माझ्या आईला लिहिता येत नाही, पण कल्ला उचलून ती मासा कुठल्या पाण्यातला ते सांगते. लिहिलं की आमच्या बंदरावर अशी नोंद आधी कोणी ठेवली नव्हती, ती मी ठेवली, आणि गाबोळीच्या दिवसांत जाळी थांबली तर पुढच्या साली मासा वाढेल असं मला वाटतं, ते मला शिकून सिद्ध करायचंय. इंग्रजी मोडकं होतं, पण माझं होतं.

तुम्ही वाचलंत. चष्मा काढलात. म्हणालात, ‘हा अर्ज आहे की लिलाव?’

आईचं वाक्य खोडलंत: ‘गरिबीचं भांडवल करायचं नाही.’ ‘मी ठेवली’ खोडून ‘नोंदी ठेवण्यात आल्या’ केलंत. ‘आधी कोणी ठेवली नव्हती’ हे तर तुम्ही असं खोडलंत की कागद फाटला. मी म्हटलं, पण सर, ते खरं आहे. तुम्ही म्हणालात, ‘खरं असलं म्हणून आपल्या तोंडाने सांगायचं नसतं. आपण माहिती द्यायची. किंमत करणारे ते बसलेत.’ मी म्हटलं, प्रश्नच तो आहे ना सर, का निवड व्हावी? ते विचारतायत! तुम्ही म्हणालात, ‘विचारू देत.’

सात वेळा लिहिलं आपण ते. दर वेळी थोडं लहान झालं. शेवटी तीनशे शब्दांच्या जागेत साडेचार ओळी उरल्या. त्यातली एक मला अजून पाठ आहे: ‘विद्यार्थिनीने स्थानिक माशांविषयी काही निरीक्षणे केली आहेत.’ काही! दोन वर्षांच्या पहाटा आणि ‘काही’! टायपिंगवाल्या बाईने सुद्धा विचारलं, ‘बाकीची जागा रिकामी सोडायची?’

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, सर. आपण तर भांडं घरीच ठेवून गेलो.

आईने तो फॉर्म हातात घेऊन उलटसुलट पाहिला होता. तिने विचारलं काय लिवलाय, मी सांगितलं. ती म्हणाली, ‘मालाची तारीफ मालकिणीने नाय केली तर कोन करनार? गिऱ्हाईक? तोंड नसंल तर पापलेटसुद्धा पाटीत सडतं.’ मी तिला गप्प केलं. म्हटलं, तुला काय कळतं, ही शिक्षणाची गोष्ट आहे. तुमच्यासाठी मी माझ्या आईला अडाणी म्हटलं, सर.

शिफारसपत्र मात्र तुम्ही एकट्याने लिहिलंत. गोपनीय. लाखेचं सील, पाकिटाच्या तोंडावर आडवी सही. रजिस्टर ए.डी.ने आपण दोघांनी मिळून पोस्टात टाकलं. परत येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, पत्रात काय नि काय लिहिलं असेल! माणूस तोंडाने बोलत नाही, पण लेखणीने तर बोलला असेल. अख्खा महिना मी त्या बंद पाकिटाच्या जोरावर काढला.

मुलाखतीला बोलावलं. मुंबईला पाच जण समोर बसलेले. प्रश्न मला आले, उत्तरं बरी दिली. वहीबद्दल विचारलं तेव्हा तर एक म्हातारे गृहस्थ पुढे सरकून ऐकायला लागले. मग एका बाईंनी कागद हातात घेतला आणि विचारलं, ‘तुमच्या या प्राध्यापकांची आणि तुमची ओळख कितपत आहे?’ मी म्हटलं, तीन वर्षं, खूपच. ‘तुमच्यात काही मतभेद?’ मी म्हटलं, छे छे, अजिबात नाही. त्या बाईंनी शेजारच्याकडे पाहिलं. मला तेव्हा काही कळलं नाही. वाटलं, सहज विचारलं असेल.

पुढे नकाराचं पत्र आलं. दोन ओळी, छापील, फक्त माझं नाव शाईने भरलेलं.

चार वर्षं मी त्याची कारणं शोधली, सर. वाटलं, माझ्या साडीला मासळीचा वास आला असेल. वाटलं, आडनाव बघून ठरवलं असेल. सगळ्यात जास्त वाटलं की माझं इंग्रजी कच्चं पडलं. तुमच्या घरी येऊन ओट्यावर बसून मी रडत तेच म्हटलं होतं, आठवतंय? ‘सर, माझं इंग्रजी कमी पडलं.’ तुम्ही मान हलवलीत. आत गेलात आणि व्याकरणाचं पुस्तक आणून दिलंत मला.

पुस्तक दिलंत!

आज मी कोळंबीच्या फॅक्टरीत आहे. पायात गमबूट, डोक्याला टोपी, बोटं बर्फाने सुजलेली. लहान कोळंबी इकडे, मोठी तिकडे, आणि चाळीस बायका नीट निवडतात की नाही ते बघायचं. एकदा तुम्ही फाटकाशी भेटलात. मी म्हटलं, सर, शिकलेलं सगळं बर्फात गेलं. तुम्ही म्हणालात, ‘काम ते काम.’ आणि सायकलवर बसून निघून गेलात. मी बराच वेळ बघत राहिले होते तुमच्याकडे. एकदा तरी वळाल असं वाटलं होतं.

आता शोकसभेच्या आदल्या दिवसाचं सांगते. तुमच्या घरून काकूंनी निरोप पाठवला, की कॉलेजची पुस्तकं परत मागतायत, तुला कळतात कुठली कुणाची, कपाट आवरून दे. मी फॅक्टरीतून सुट्टी काढून गेले. तुमची खुर्ची, तुमच्या बरण्या, फॉर्मलिनचा वास. तुम्ही गेल्यावर मी तिथेच पहिल्यांदा रडले, हेही लिहून ठेवते. खालच्या कप्प्यात फायली होत्या, प्रत्येकीवर नाव. माझ्याही नावाची होती.

तुम्ही प्रत्येक कागदाची कार्बन कॉपी ठेवणारे. पहिलाच कागद शिफारसपत्राचा. सात ओळी. इंग्रजीत, पण मी मराठीत लिहिते, म्हणजे तुम्हाला ऐकू येईल कसं लागतं ते:

‘कु. मयेकर तीन वर्षे आमच्या महाविद्यालयाची नियमित विद्यार्थिनी आहे. तिची हजेरी चांगली आहे. वर्तणूक चांगली आहे. ती कष्टाळू आहे. प्रात्यक्षिकाचे काम नीटनेटके असते. विषयाची समज बरी आहे. तिच्या अर्जाचा विचार व्हावा.’

वहीचं नाव नाही. गाबोळीचं नाही. एस.वाय.ला विद्यापीठात त्या विषयात मी दुसरी आले होते, त्याचं नाही. अहो, फॅक्टरीत नवीन बाई ठेवायची असली तर मी सुद्धा याहून बरं लिहून देते!

तरी मी म्हटलं, स्वभाव. आपल्याकडची माणसंच अशी. फणस दारात पडून सडेल, पण गोड आहे म्हणून कोणाला सांगणार नाहीत. मुंबईवाल्यांना ते कळलं नाही, त्यांनी ‘बरी’ म्हणजे नुसती ‘बरी’ समजून घेतली, इतर पोरांच्या सरांनी दोन-दोन पानं आरत्या ओवाळल्या असतील. मी माफ करायला निघाले होते तुम्हाला.

मग दुसरा कागद दिसला. ट्रस्टच्या सेक्रेटरीचं पत्र, मुलाखतीनंतरचं. ‘उमेदवाराने समितीवर चांगला ठसा उमटवला आहे. मात्र आपले पत्र आम्हाला फार मोजके वाटले. तिच्याविषयी आणखी काही सांगायचे असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.’ विचारत होते ते, सर. हात पुढे करून विचारत होते. माझी निवड तुमच्या एका पानावर अडली होती.

आणि त्याखाली तुमचं उत्तर, चार दिवसांनंतरचं. ‘मला जे म्हणायचे होते ते पहिल्या पत्रात म्हटले आहे. अधिक लिहिणे हे समितीवर दडपण आणण्यासारखे होईल.’

त्या चार दिवसांत आपण रोज भेटत होतो. तुम्ही मला बेडकाची मज्जासंस्था काढायला लावली होतीत. एक शब्द बोलला नाहीत. आणि पुढे मी ओट्यावर रडत इंग्रजीला दोष दिला, तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही मान हलवलीत. खोटं एक अक्षर लिहायचं नाही म्हणणारा माणूस, आणि मान हलवून एवढं मोठं खोटं बोललात! चार वर्षं मी ते व्याकरण पाठ करतेय.

त्या उत्तराला मागे टाचणीने एक चिठोरा लावलेला होता. पेन्सिलीने लिहिलेला कच्चा मसुदा. तुमचंच अक्षर. ‘माझ्या बावीस वर्षांच्या अध्यापनात या मुलीइतकी’ एवढं लिहून थांबलेलं, आणि वर आडवी रेघ. तुमच्या नेहमीच्या रेघेसारखी सरळ नाही. सर, पुढे काय होतं? या मुलीइतकी काय? हट्टी? हुशार? मूर्ख? तेवढं सांगायचं होतंत. मुंबईला नको, मला. उसाच्या रसाच्या गाडीवर. फॅक्टरीच्या फाटकाशी. तुम्हाला अख्खं वाक्य सुचलं होतं आणि तुम्ही ते गिळलंत, का, तर त्यात स्तुती होती. प्रामाणिकपणाचा एवढा ताठा बरा नव्हे. त्यात दुसऱ्याचं आयुष्य चेंगरतं.

मी तशीच बसलेले, तर काकू चहा घेऊन आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, ‘काय गो, काय सापडलं?’ मी म्हटलं, सरांनी माझ्याबद्दल लिहिलेलं पत्र. त्यांनी कप खाली ठेवला. ‘वाच ना. मला इंग्रजी येत नाही.’

माझ्या डोक्यात तिडीक गेलेली. म्हटलं, वाचतेच, कळू दे ह्यांनाही. अक्षरन् अक्षर मराठीत करून वाचलं. हजेरी चांगली. वर्तणूक चांगली. समज बरी.

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘समज बरी आहे? असं लिहिलंनी?’

‘हो.’

‘ह्यांनी? स्वतःच्या हाताने?’

‘हो काकू.’

‘अगो, मग केवढं लिहिलंनी तुझ्याबद्दल!’ आणि पदर डोळ्यांना लावला. ‘नशीबवान हो बाई. मी एकतीस वर्षं ह्यांना करून घातलं. चतुर्थीला एकवीस मोदक करायचे, एकाची पाकळी फुटलेली नसायची. विचारायची, बरे झालेत? तर म्हणायचे, खाल्ले ना. झालं. खाल्ले ना!’

रागाला बसायला जागाच राहिली नाही. काकूंनी त्या फायलींवरून हात फिरवला. मग आवाज खाली करून, जशा काही तुम्ही बाहेरच्या खोलीत आहात, म्हणाल्या, ‘बघशील का गो, माझ्याबद्दल काही लिहिलंनी आहे का कुठे? इंग्रजीत असेल. मला कळू नये म्हणून इंग्रजीत लिहिलं असेल.’

दुपारपर्यंत बघितलं, सर. सगळं कपाट उपसलं. विद्यार्थी, बरण्या, रजेचे अर्ज, पालिकेला गटाराबद्दल लिहिलेली अकरा पत्रं. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्याच होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. शेवटी तळाला एक फॉर्म सापडला, कॉलेजात कुटुंबाची माहिती भरून द्यायचा, त्याची नक्कल. त्यात काकूंचं नाव होतं.

‘आहे,’ मी म्हटलं. म्हटल्यावर जीभ चावली.

‘काय लिहिलंनी?’

‘तुमचं नाव. पूर्ण नाव, काकू. किती सुंदर अक्षरात.’

‘आणि पुढे?’

पुढे पत्नी, वय, आणि ‘करीत असलेले काम’ या रकान्यात तुम्ही लिहिलं होतंत: काही नाही. मी तो कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला, म्हणजे उद्या दुसरं कोणी तो त्यांना वाचून दाखवायला नको, आणि म्हटलं, ‘पुढचं पुसट झालंय, काकू. लागत नाही.’